मराठी माध्यमातून नर्सिंगला: वैद्यकीय इंग्रजी शब्द कसे शिकावेत?

प्रथमवर्ष_नर्सिंग:
नमस्कार. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून यंदा मी बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घेतला आहे. वृक्क, प्लीहा, स्वादुपिंड यांची कार्ये मला नीट समजतात. परंतु तोच भाग इंग्रजी पुस्तकात वाचताना ओळीओळीला अडखळायला होते, आणि याद्या करून पाठ केलेले शब्द आठवड्याभरात विसरतात. एखादी पद्धत, कोश किंवा संकेतस्थळ सुचवावे. वहीत मराठी अर्थ लिहावेत की नाही, हेही कृपया सांगावे.

शरीररचना_अध्यापक:
याद्या पाठ करणे आधी थांबवा. यातील बहुतेक शब्द ग्रीक व लॅटिन तुकड्यांचे बनलेले असतात आणि तेच तुकडे पुन्हापुन्हा येतात. ‘हायपोग्लायसेमिया’ फोडून पाहा: हायपो म्हणजे कमी, ग्लाय म्हणजे साखर, एमिया म्हणजे रक्तातील स्थिती. यातला एमिया ओळखीचा झाला की ॲनिमिया, युरेमिया, ल्युकेमिया हे शब्द निम्मे उलगडतात. शस्त्रक्रियांच्या नावांत शेवटाकडे लक्ष द्यावे. ऑटॉमी म्हणजे छेद घेणे, एक्टॉमी म्हणजे काढून टाकणे आणि ऑस्टॉमी म्हणजे बाहेर उघडणारी वाट करून देणे. त्यामुळे कोलेक्टॉमी (मोठे आतडे काढून टाकणे) आणि कोलोस्टॉमी (मोठ्या आतड्याला पोटावर वाट करून देणे) या शब्दांत दोन-तीन अक्षरांचाच फरक असला, तरी पोटावर पिशवी लावलेल्या ज्या रुग्णाची शुश्रूषा तुम्हाला करायची आहे, तो दुसऱ्या शब्दाचा असतो.

एका अवयवाला दोन नावे का, हा प्रश्न लवकरच पडेल. मूत्रपिंडाच्या धमनीला लॅटिनवरून ‘रीनल’ म्हणतात, तर त्याच्या दाहाला ग्रीकवरून ‘नेफ्रायटिस’. ही जोडी एकाच पानावर लिहून ठेवावी.

कोशप्रेमी:
भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश हे दोन्ही महाजालावर विनामूल्य पाहता येतात. संकल्पना पक्की करायला विश्वकोशातील नोंदी उत्तम आहेत. इंग्रजी तुकड्यांसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या ‘मेडलाइनप्लस’वर वैद्यकीय शब्द समजावून देणारा पाठ आहे, तो सोपा आहे.

निवृत्त_परिचारिका:
वरील सल्ला योग्यच आहे, पण वॉर्डात शब्द वाचण्यापेक्षा ऐकण्याची वेळ अधिक येते आणि खरी फसगत तेथे होते. गिळता न येणे म्हणजे डिस्फेजिया आणि बोलण्यात अडचण येणे म्हणजे डिस्फेझिया. आपल्या तोंडी दोन्ही एकच होऊन जातात. हायपो (कमी) आणि हायपर (जास्त) यांचेही तसेच, उदाहरणार्थ रक्तातील साखरेबाबत: एका रुग्णाला साखर द्यायची असते, तर दुसऱ्याला बहुधा इन्सुलिन. त्यामुळे फोनवरून सूचना घेताना शब्दाचे स्पेलिंग उच्चारून खात्री करण्याची सवय पहिल्या वर्षापासूनच लावावी. त्यात कमीपणा मानू नये. इलियम हा शब्द तर कानाला सारखाच लागतो: मध्ये ‘ई’ असेल तर लहान आतड्याचा शेवटचा भाग, ‘आय’ असेल तर नितंबाचे हाड.

औषधपत्रकावरील लघुरूपे वेगळी शिकावीत. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना. ओडी मात्र सर्वसाधारण वॉर्डात दिवसातून एकदा, तर नेत्रविभागात उजवा डोळा.

प्रथमवर्ष_नर्सिंग:
सर्वांचे आभार. मराठी अर्थाचा प्रश्न तेवढा राहिला.

शरीररचना_अध्यापक:
अवश्य लिहा, परंतु प्रत्येक शब्दासमोर नव्हे, तुकड्यासमोर. शिवाय पेशंटला ‘तुम्हाला डिस्निया होतो का’ असे विचारता येत नाही, ‘चालताना धाप लागते का’ असेच विचारावे लागते. म्हणून लक्षणांच्या शब्दांपुढे पुस्तकी प्रतिशब्द न लिहिता गावाकडचे पेशंट प्रत्यक्षात जे बोलतात ते लिहावे.

निवृत्त_परिचारिका:
‘मळमळतंय’, ‘गरगरतंय’, ‘हातपाय वळतात’ एवढ्यापासून सुरुवात करा; बाकीचे पेशंटच शिकवतात.