खळं अजून भरतंय

‘फ्लॅट आले आणि अंगणात बसणं संपलं’ असं एकांनी लिहिलंय. शहरापुरतं पटतं. आमच्या रत्नागिरीजवळच्या वाडीत मात्र फाल्गुन लागला की घर रिकामं आणि खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, भरलेलं. शेणाने सारवलेली जमीन, वर माडाच्या विणलेल्या झापांचा मांडव, दुपारनंतर खारा वारा सुटला की शेजारणी ओले काजू सोलायला बसतात. हाताला खोबरेल चोपडायचं, नाहीतर टरफलातला चीक कातडी जाळतो. किलोभर गर निघेस्तोवर अख्ख्या वाडीच्या बातम्या कळतात!

शिमग्याला तर विचारूच नका. ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, म्हणून वर्षभर न बोलणारे भाऊही मिळून अंगण झाडतात. खळ्यात पालखी नाचते, गाऱ्हाणं (देवाला घातलेलं साकडं) होतं, मुंबईकर चाकरमानी ढोलामागे घसा बसेपर्यंत ओरडतात. मग चैत्रातलं हळदीकुंकू, आंब्याची डाळ, पन्हं.

आता काहींनी खळ्यात पेव्हर ब्लॉक घातलेत. धूळ नाही, कबूल; पण संध्याकाळी सातलाही बूड भाजतं. आमच्या आजीने त्यावर बसायला साफ नकार दिलाय, ती फणसाखाली बाजलं टाकते. हळूहळू सगळे तिथेच सरकलेत.