'निर्वसाहतीकरण' म्हणजे नक्की काय रिकामं करायचं?

विचारणा : डी.एड.च्या मुलांना पाठ चिकित्सेनं वाचायला शिकवतेय. कोणी लिहिलं, कोणाच्या बाजूनं लिहिलं, कोणाला बोलूच दिलं नाही, असं विचारत वाचायचं. 'क्रिटिकल लिटरसी'ला मी 'चिकित्सक साक्षरता' म्हणते. अडलंय ते 'डीकलोनियल'पाशी, म्हणजे परक्या राजवटीनं आपल्या विचारात रुजवलेली चौकट मोडणं. फळ्यावर 'निर्वसाहतीकरण' लिहिलं तर मागून एक जण म्हणाला, "मॅडम, म्हाडाची वसाहत पाडणार का?" वर्ग हसला, मीही हसले. दुसरा शब्द सुचवा.

प्रतिसाद : पोरगा चुकला नाही, ताई. कामगार वसाहत, पोलीस वसाहत, औद्योगिक वसाहत हेच आपल्या कानाला आधी ऐकू येतं. आणि गोरे इथं वसले कुठे फारसे? राज्य केलं नि गेले. 'वसाहतवादमुक्ती' बरा वाटतो. लांबडा आहे, पण घर पाडल्यासारखा वाटत नाही. 'विवसाहतीकरण' नकोच, जीभ अडखळते.

प्रतिसाद : सरळ 'देशीवाद' का नाही?

प्रतिसाद : नाही चालणार. तो साहित्याच्या मुळांबद्दलचा वाद आहे. ताईंना मजकूर उलगडायचाय, आणि त्यात आपल्या माणसांनी लिहिलेलाही आला.

प्रतिसाद : मी सोलापूरचा. आमच्याकडे 'वसाहत'चे दोन्ही अर्थ एकाच कुंपणात सापडतात. तिथल्या भागाला लोक अजून 'सेटलमेंट'च म्हणतात. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आणला, तो आधी उत्तरेकडे होता. १९११ च्या कायद्यानं तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू झाला. जमात नोंदली गेली की एकही गुन्हा शाबीत नसलेला माणूससुद्धा नोंदवहीत जायचा. मग अशा सेटलमेंटमध्ये तारेचं कुंपण, हजेरी, बाहेर जायला पास. आता एका जुन्या गाइडातलं वाक्य बघा : 'या जमातींना वसाहतीत ठेवून सुधारण्यात आले.' 'ठेवून' वर बोट ठेवा. लोणचं बरणीत ठेवतात, माणसं डांबतात. आणि 'सुधारण्यात आले'चा कर्ता कुठे पळाला? मुलांना तो शोधायला लावा, शब्दाचं नंतर बघू.

विचारणा : काल हेच वाक्य दिलं. अर्धा तास त्यातच गेला. एका गटानं लिहिलं : 'सरकारने या लोकांना तारेच्या कुंपणात डांबले व त्याला सुधारणा म्हटले.' एवढं लिहून झाल्यावर 'वसाहत' शब्दाला कोणी हसलं नाही. मग मी सांगितलं की तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला आणि तेव्हापासून या जमाती 'विमुक्त'. त्यावर एका मुलीनं विचारलं, "विमुक्त कोणी केलं? इथेही कर्ता नाहीच." मी गप्प. संस्कृतच्या सरांना विचारलं तर म्हणाले, क्त प्रत्यय लागलाय, 'सोडलेला' असा अर्थ. म्हणजे आधी बांधलेला हे गृहीतच.

प्रतिसाद : वा! पण 'विमुक्त' त्या समाजांतल्या लोकांनीच चळवळीत अभिमानानं मिरवला, ३१ ऑगस्ट 'विमुक्त दिन' म्हणून पाळतात. व्याकरणानं तो त्यांच्याकडून काढून घेऊ नका.

विचारणा : हेही वर्गात सांगते. आणि जाता जाता, 'रामोशी' घ्या. गावाची राखण करणारा तो, आणि कायद्याच्या यादीत गुन्हेगारही तोच. कोणाकडे जुना कोश असेल तर दोन्ही अर्थ कुठल्या क्रमानं दिलेत ते बघून सांगाल का?