ऊसतोडीवर पीएचडी, पण फेलोशिप नाही. काय करू?

बीडची लेक: समाजशास्त्रात पीएचडी, दुसरं वर्ष. वय ३२. विषय ऊसतोड करणाऱ्या बाया. परवा कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, मुलाखत घेत होते, तर पहाटे तीनपासून मोळ्या बांधून दमलेली मावशी बोलता बोलताच झोपली. मी वही मिटून तिच्या लेकराला घेऊन बसले. पुन्हा तिकडं जायला एसटीचं भाडंही उसनं घ्यावं लागतंय. एका कार्यालयात माझा अर्ज सात महिने नुसता पडून राहिला. जेआरएफचं, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणाऱ्या संशोधन फेलोशिपचं, वय तर गेलंच.

जुना नेटवाला: वय गेलं कुणी सांगितलं, ताई? मर्यादा ३० ची, पण महिलांना ५ वर्षांची सवलत आहे. नेट परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर सत्राची. जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, घरभाडं वेगळं. पीएचडीला नोंदणी झालेली असली तरी चालतं. पेपर एक, म्हणजे सगळ्या विषयांना सारखा असलेला, हलक्यात घेऊ नका, मी तिथंच दोनदा अडकलो.

कलिना: आयसीएसएसआर या सामाजिक शास्त्रांच्या केंद्रीय संशोधन परिषदेच्या डॉक्टरल फेलोशिपच्या जाहिरातीवरही लक्ष ठेवा. शिवाय प्रवर्गानुसार फेलोशिप देणाऱ्या सारथी, बार्टी, महाज्योती या राज्याच्या संस्था आहेतच. अर्जाची पोच मात्र हातात घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

बीडची लेक: सवलतीचं खरंच ठाऊक नव्हतं! पेपर एकची पुस्तकं कुणाकडं जुनी असतील तर सांगा, मी येऊन नेते.