केबल आवळणं ठीक, पण पेडलचं प्रमाण बदलावं का?

उजवा पाय
माझी गाडी जुनी, केबलच्या थ्रॉटलची, म्हणजे पेडल केबल खेचतं आणि इंजिनात हवा सोडणारी झडप उघडते. पेडल दाबलं की आधी काहीच व्हायचं नाही आणि मग एकदम उचल घ्यायची. इंजिन चालू असताना पेडल आणि झडप यांच्यामधली केबल बोटानं हलवून पाहिली, तर चांगली ढिली होती. ब्रॅकेटवरचा चेकनट (केबल जागेवर पक्की धरणारा नट) सैल केला, जेमतेम दोन मिलिमीटर ढील ठेवली आणि परत आवळला. दहा मिनिटांचं काम, पण गाडी पायाला लगेच उत्तर देऊ लागली.

मग हात थांबेना. पेडलच्या दांड्यावर केबल अडकते ती जागा कब्जापासून ४० मिमीवर होती. मी ५० मिमीवर नवीन भोक पाडलं. आता पाय तेवढाच हलला तरी केबल सव्वापट खेचली जाते, म्हणजे पेडलचं प्रमाणच बदललं. माझं स्पष्ट मत आहे की केबलच्या गाडीत हे प्रत्येकानं करून बघावं. कंपनीनं पेडल सगळ्यांच्या पायाचा विचार करून मवाळ ठेवलेलं असतं, आपला पाय आपल्याला ठाऊक असतो.

पाना-पक्कड
ढील काढलीत ते उत्तमच, पण ती दुरुस्ती झाली. भोकाला मात्र माझा पूर्ण विरोध आहे. इंजिनाची ताकद त्यानं तसूभरही वाढत नाही. कमी आरपीएमला झडप निम्मी उघडली तरी इंजिनाला लागणारी बहुतेक हवा मिळून गेलेली असते. तुम्ही तोच भाग पायाच्या आणखी कमी हालचालीत कोंबलात. म्हणजे पहिल्या गिअरला, गर्दीत, खड्ड्यातून जाताना पाय जरा हलला की गाडी झटका मारणार.

आणि पेडलची चाल अडवणाऱ्या स्टॉपचं काय केलंत? पूर्वी पेडल तळाशी टेकायचं तेव्हा झडप पूर्ण उघडायची. आता पेडलची चाल अजून एक पंचमांश बाकी असतानाच झडप उघडून बसते. पुढचा सगळा जोर केबलच्या टोकाच्या शिशाच्या गोळीवर आणि झडपेच्या दांड्यावर येतो. त्या गोळीपाशी एकेक तार तुटत जाते आणि सुटलेली तार आवरणात अडकली, तर पाय काढूनही रेस खाली येत नाही.

उजवा पाय
स्टॉपचा मुद्दा मान्य, तो माझ्या ध्यानात आला नव्हता. पेडलखाली बोल्ट लावून चाल अडवतो. पण झटक्यांचं पटलं नाही. दोन दिवसांत पायाला सवय झाली. उलट चढावर गिअर उतरवताना रेस जुळवणं आता कितीतरी सोपं जातं.

मागच्या सीटवरून
तुमच्या पायाला सवय झाली, पण घरातला दुसरा कुणी गाडी घेऊन गेला तर? माझ्या भावानं असाच बदल केला होता. मी पार्किंगमधून गाडी काढताना ती समोरच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबली. तो आवाज अजून कानात आहे.

पेडलशी खेळताना परत येण्याचा विचार आधी हवा. अमेरिकेच्या १२४ क्रमांकाच्या सुरक्षा मानकात झडप परत मिटवायला निदान दोन स्वतंत्र स्प्रिंग किंवा तशी योजना लागते, एक निकामी झाली तरी दुसरीनं काम करावं म्हणून. हलकं पेडल हवं म्हणून त्यातली एक काढणारे लोक मी पाहिलेत, ते कृपा करून करू नका. २००९ साली टोयोटानं पायाखालची मॅट पेडलला अडकते म्हणून लाखो गाड्या परत बोलावल्या होत्या. मॅटसारखी क्षुल्लक वस्तू पुरते तिथं.

गोगलगाय
दोघांचंही थोडं चुकतंय. भोक बदललं की सगळी चाल सारखीच तिखट होते, खरा दोष तिथं आहे. झडपेच्या दांड्यावरची केबलची चकती बदला. गोल चकतीऐवजी शंखासारखी, त्रिज्या बदलत जाणारी घ्या. सुरुवातीला त्रिज्या मोठी, म्हणून झडप हळू उघडते, गर्दीत गाडी शांत राहते. पुढे त्रिज्या कमी होत जाते आणि झडप झपाट्यानं उघडते.

ऑटोमॅटिक गाडीवाल्यांनी मात्र आधी बघून घ्या. काही जुन्या गिअरबॉक्सना झडपेपासून दुसरी केबल जाते, तिच्या ताणावर आतला तेलाचा दाब ठरतो. ती चुकली तर आतले क्लच जळतात.

पाना-पक्कड
चकतीचं पटतं. पण हे सगळं करण्याआधी एक तपासणी करा. इंजिन बंद ठेवून कुणाला तरी पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि तुम्ही झडप बघा. पूर्ण उघडते का?

उजवा पाय
आज केबल जुन्या भोकात परत लावून बघितलं. बायकोनं पेडल दाबलं, मी झडपेपाशी टॉर्च धरला. झडप पूर्ण उघडतच नव्हती! पेडलखालचा गालिचा दुमडून जाडजूड झाला होता. तो कापला, आता दांडा स्टॉपला टेकतो. झडपेच्या कडेला काळा थरही होता, तो क्लीनर लावून फडक्यानं पुसला.

नवीन भोक आहे तसंच आहे, केबल सध्या जुन्यात. आठवडाभर अशीच चालवून बघतो. तरीही पाय अडखळला तर गोगलगाय म्हणतात ती चकती लावेन. प्रमाण बदलू नये हे मात्र मला अजून पटलेलं नाही.