मदत हवी आहे: पत्रा गळतोय, रविवारी वर चढतोय

लालबागचा_वरचामजला
पाऊस तोंडावर आलाय, पत्रा गळतोय आणि कारागीर फोन उचलत नाही. रविवारी मी आणि धाकटा भाऊ वर चढून डांबरी पट्टी मारणार. कुठली पट्टी टिकते? नंतर पत्रे बदलायचे तर कुठले घ्यावेत? लवकर सांगा.

मुलुंडचा बोका
पत्रा सिमेंटचा की लोखंडी? किती जुना? स्क्रूपाशी गळतो, जोडावर की भिंतीच्या कडेला?

लालबागचा_वरचामजला
पत्रा म्हणजे पत्रा हो. राखाडी. मी पट्टी विचारली.

वेल्डिंगवाला
राखाडी म्हणजे सिमेंटचा असणार. चढू नका. दिसतो दणकट, पण जुना झाला की आधी कुरकुरत नाही, थेट फुटतो आणि माणूस खाली. जायचंच तर खालच्या अँगलवर टेकतील अशा रुंद फळ्या टाकून. कंबरेचा पट्टा नको, पूर्ण अंगाचा हार्नेस घ्या. दोर कैचीला, म्हणजे पत्र्याखालच्या त्रिकोणी सांगाड्याला बांधा, पाण्याच्या पाइपला नाही. आणि जुन्या सिमेंट पत्र्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असतं. त्यावर ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश चालवू नका, ती धूळ फुप्फुसात जाते.

पतंग्या
आम्ही लहानपणी पतंगामागे त्याच पत्र्यांवरून पळायचो. उगाच घाबरवताय.

वेल्डिंगवाला
तेव्हा तुमचं वजन किती होतं? आणि पत्र्याचं वय?

कौलारू
सगळ्यावर उपाय एकच, मंगलोरी कौलं. गारवा बघा!

मुलुंडचा बोका
कौलांचं वजन त्या जुन्या कैच्या पेलतील का? गॅल्व्हल्यूम, म्हणजे लेप दिलेला पोलादी पत्रा घ्या, अर्ध्या मिलीमीटरचा. लेपात ५५ टक्के ॲल्युमिनियम, बाकी बहुतेक जस्त. साध्या जीआयपेक्षा (नुसत्या जस्ताचा लेप असलेल्या पत्र्यापेक्षा) खाऱ्या हवेत जास्त टिकतो. फक्त भिंतीच्या कडेला ओलं सिमेंट लावू देऊ नका, त्याने लेप खाल्ला जातो. तिथे वाकवलेली पट्टी बसवा. स्क्रू पन्हळीत नको, उंचवट्यावर.

वेल्डिंगवाला
उंचवट्यावर जोरात आवळला की पत्रा दबतो आणि तिथेच पाणी साचतं. रबरी वॉशर जेमतेम दबेल इतकंच आवळायचं.

मुलुंडचा बोका
मग मी काय वेगळं म्हटलं?

परळकर काकू
पत्र्याखाली उकाडा फार होतो. वरून पांढरा रंग मारा, आमच्याकडे पंखा एकवर चालतो.

कागदपत्रे
१९६९ आधीची उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी) चाळ असेल तर दुरुस्ती म्हाडाच्या मंडळाच्या अखत्यारीत येते. चढण्याआधी तिथे अर्ज द्या. घरमालक कोण?

लालबागचा_वरचामजला
खालून टॉर्च मारून पाहिलं. सिमेंटचेच आहेत, मध्ये उजेडासाठी एक प्लास्टिकचा. गळतंय त्याच्याच जोडावर. प्लास्टिकवर उभं राहून मारली पट्टी तर?

वेल्डिंगवाला
अहो, तो तर सिमेंटहून आधी फुटेल! कारागीर मिळेपर्यंत खालून ताडपत्री ताणून पाणी एका बाजूला काढा. भावाला वर पाठवू नका.

परळकर काकू
ताडपत्री चांगली कुठे मिळते? आमच्या गॅलरीलाही हवी आहे.