तळ्याकाठचा तंबू आणि पाखरं : तुमचे अनुभव लिहा

डोंगरातल्या लहानशा तळ्याशेजारी मुक्काम ठोकून कुणी पक्षी पाहिलेत का? काय दिसलं, कसं दिसलं, सविस्तर येऊ द्या. फोटो नसले तरी चालेल. नुसती नावांची यादी मात्र नको.

*

तंबूसारखा आडोसा नाही. माणूस उभा दिसला की पाखरं बिचकतात, तंबूची मात्र त्यांना लवकर सवय होते. मी चेन वीतभर उघडून आतूनच बघते. टिबुकलीचं कुटुंब असंच पाहिलं. पिल्लं पाठीवर, पंखांत घुसलेली, पट्टेरी डोकी तेवढी बाहेर. एकाने पिल्लं वाहायची, दुसऱ्याने बुडी मारून खाऊ आणायचा.

*

दुर्बीण 8×42 ची, म्हणजे 8 पट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची. 12 पटीच्या दुर्बिणीत पक्षी मोठा दिसतो, तशी हाताची थरथरही मोठी होते.

*

सगळे पहाटेचं कौतुक करतात, मी दुपारवाला. कोरड्या दिवसांत दाणे टिपणाऱ्या पाखरांना पाण्यावर यावंच लागतं. तेव्हा त्यांची पिण्याची तऱ्हा बघा. बहुतेक जण चोचीत घोट घेतात आणि मान वर करून गिळतात. होले-पारवे चोच बुडवून सलग ओढतात, मान वर करायची गरजच नाही. भिंगऱ्यांना तर थांबायलाही सवड नसते, उडता उडताच चोच पाण्याला लावून पुढे!

*

तंबू काठाला चिकटून लावू नका, निदान 200 फूट मागे घ्या. एवढ्याशा तळ्याचा एक काठ आपणच अडवला तर पाखरांनी प्यायला जायचं कुठे? आणि मोबाइलवर आवाज वाजवून त्यांना बोलावणं तर बंदच करा. हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून बिचारा चरणं सोडून त्याला हुडकत बसतो.

*

200 फुटांवरून चेनच्या फटीतून काय दिसणार, कपाळ?

*

चढावर लावा की. अख्खं तळं नजरेत येतं. बाकी काम दुर्बिणीचं.

*

एक ओळखून द्या. काठावरच्या दगडावर एकटाच, पाठ तपकिरी, पोट पांढरं, बूड सारखं वरखाली. शेपटी हलवणारा धोबी पक्षी नव्हता, याची शेपटी आखूड होती.

*

छातीच्या बाजूने पांढरा रंग खांद्यापुढे वर चढलेला होता का? असेल तर तुतवार. उडताना पंख ताठ धरून पाण्याला लगटून जातो, तेही बघून ठेवा.