शब्दचर्चा: ‘क्रूड फायबर’ला मराठीत काय म्हणावं?

चौकस: पशुखाद्याच्या पोत्यावर ‘क्रूड फायबर, कमाल इतके टक्के’ असं छापलेलं असतं. त्याला कच्चे तंतू म्हणायचं की चोथा? आणि आहारतज्ज्ञ सांगतात ते फायबर हेच का?

परीक्षानळी: ‘कच्चे’ नको, न शिजलेले वाटतात. इथे क्रूड म्हणजे ढोबळ. मुळात हा कुठला एक पदार्थ नाही. ठरावीक कृतीनंतर जे उरतं, ते. जर्मनीतल्या वेंडे इथे हेनेबर्ग आणि श्टोमान यांनी 1860च्या दशकात ती बसवली. चरबी काढलेला, दळलेला 2 ग्रॅम नमुना 1.25 टक्के सल्फ्युरिक आम्लात 30 मिनिटं उकळायचा, गाळून आम्ल जाईपर्यंत गरम पाण्याने धुवायचा, मग 1.25 टक्के कॉस्टिक सोड्यात पुन्हा 30 मिनिटं. धुऊन, वाळवून वजन. मग भट्टीत जाळून राखेचं वजन. दोन्हींतला फरक म्हणजे क्रूड फायबर. राख वजा केली नाही तर मातीसुद्धा फायबर ठरते. पेंडीत तेल राहिलं की आकडा फुगतो. उलट कंडेन्सर (वाफ थंड करून पाणी परत भांड्यात सोडणारी नळी) न लावता उकळलं तर पाणी उडून आम्ल तीव्र होतं नि आकडा घसरतो. पीठ फार बारीक असेल तर कण गाळणीतून निसटतात, तेव्हाही तेच.

भाकरतुकडा: आहाराच्या हिशेबात तो आकडा घेऊच नका. त्या उकळण्यात हेमिसेल्युलोज आणि लिग्निन हे वनस्पतींच्या पेशीभित्तीतले तंतुमय घटक बरेचसे वाहून जातात, पेक्टिन नि डिंक हे विरघळणारे तंतू तर जवळपास सगळेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात 100 ग्रॅम बाजरीत क्रूड फायबर 1.2 ग्रॅम, 2017च्या तक्त्यात एकूण आहारतंतू 11.49 ग्रॅम. बाजरी तीच, मोजणी वेगळी: आता स्टार्च आणि प्रथिनं एन्झाइमांनी काढतात, विरघळलेले तंतू चौपट अल्कोहोल घालून साकळवतात. दिवसाचे 25 ग्रॅम तंतू जुन्या आकड्याने भरायचे म्हटलं तर दोन किलो बाजरी खावी लागेल!

चौकस: मग चोथा?

परीक्षानळी: क्रूड फायबरला चपखल बसतो. आहारातल्या फायबरला मात्र अपुरा. इसबगोल भिजला की बुळबुळीत होतो, त्यात चोथा कुठला? तिथे ‘तंतुमय पदार्थ’ रुळलाय, तोच ठेवावा.

गोणपाट: व्यापारात क्रूडच चालतं, आणि तिथे जास्त म्हणजे वाईट. चहाच्या मानकात कमाल 16.5 टक्के, त्यावर गेलं की काड्या नि जून पाला भरलाय असं समजा. पशुखाद्यात तूस-भुसा. पोत्यावर ‘कमाल’ लिहितात ते म्हणूनच.